आरोग्यही वाणसामानाच्या यादीत लिहा

महिन्याच्या सुरुवातीला घरोघरी वाणसामानाची यादी होते. डाळ, तांदूळ, तेल, गूळ, चहापत्ती, अंगाचा साबण, कपड्यांचा साबण. या यादीत आरोग्यासाठी म्हणून काय लिहिता, असे विचारले तर बहुतेक घरांतून एखाद्या टॉनिकचे किंवा मुलांच्या दुधात घालायच्या पावडरीचे नाव निघते. आरोग्य म्हणजे औषध आणि औषध म्हणजे बाटली, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. वास्तविक दुखणी टाळणाऱ्या आणि घरातल्या माणसांचे रोजचे जगणे थोडे सुखाचे करणाऱ्या कितीतरी वस्तू भांड्यांच्या, इलेक्ट्रिकच्या नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. त्या स्वस्त असतात. तरीही त्याच घ्यायच्या राहून जातात. त्या कोणत्या आणि त्या का राहतात, याचा आज विचार करू.

पिण्याच्या पाण्यापासून सुरुवात करू. पाणी गाळून, उकळून माठात भरायचे आणि मग दिवसभर घरातल्या प्रत्येकाने त्यात पेला बुडवायचा, हे आपल्याकडचे नेहमीचे दृश्य. पेल्याबरोबर बोटेही बुडतात आणि बोटांवरची घाण पाण्यात उतरते. उकळण्यासाठी जाळलेला गॅस वाया गेला. यावर उपाय म्हणजे लांब दांड्याचे ओगराळे, नाहीतर तोटी बसवलेला माठ किंवा पिंप. ओगराळे माठाशेजारी खिळ्याला टांगून ठेवावे, माठाच्या झाकणावर आडवे टाकू नये. त्याच्या जोडीला शौचालयाजवळ आणि स्वयंपाकघराच्या मोरीवर साबणाची एकेक वडी कायम हवी. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय लागली, तर जुलाबाचे आजार सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी होतात. एक नेलकटरही घ्यावा. दाताने नखे खाणाऱ्या मुलाला जंतांचे औषध वारंवार द्यावे लागते, त्यापेक्षा रविवारी सकाळी पाच मिनिटे त्याची नखे कापणे सोपे.

जुलाब सुरू झालेच तर घरात काय असावे? जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची दोन पाकिटे. हे पाकीट साधे दिसते म्हणून लोकांना त्याचे महत्त्व वाटत नाही. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिलढ्याच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पिंपांत भरले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला लावले. शंभरात तीसच्या आसपास असलेले मृत्यू चारच्याही खाली आले. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. तेच तत्त्व आज वीस-पंचवीस रुपयांच्या पाकिटात मिळते. आशा कार्यकर्तीकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तर ते मोफत मिळते.

मात्र पाकीट नीट पाहून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे आणि एक लिटर पाण्यासाठीचे असे त्यावर छापलेले असते. दुकानात त्याच्या शेजारी फळांच्या चवीची गोड पेयेही मांडलेली असत आणि त्यांच्या खोक्यांवर ओआरएस ही अक्षरे असत. सूत्रात न बसणाऱ्या पेयांना ते नाव लावण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली. जास्त साखरेचे पेय दिल्याने जुलाब वाढू शकतात. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. उलटी होत असेल तर दर एक-दोन मिनिटांनी एकेक चमचा पाजावे. तयार केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. मूल मलूल झाले, पाणीही घेईना किंवा शौचातून रक्त पडले, तर मात्र घरी थांबू नये.

दुसरी वस्तू थर्मामीटर. पाऱ्याचा आता घेऊ नये, फुटला तर पारा घरात सांडतो. आकडा दाखवणारा डिजिटल थर्मामीटर शंभर-दोनशे रुपयांत येतो. रात्रभर मूल तापाने फणफणले होते, असे सांगत आई सकाळी दवाखान्यात येते. ताप किती होता, कधी चढला, औषधाने उतरला का, याचे उत्तर हाताच्या स्पर्शावरून देता येत नाही. वेळ आणि आकडा वहीच्या कागदावर लिहून आणला तर डॉक्टरचे निम्मे काम होते आणि एखादी अनावश्यक तपासणीही टळते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल, तर त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावे. हा एक आकडा प्रत्येक घरात पाठ असावा.

आता मच्छरदाणी आणि बॅटरी. मच्छरदाणीकडे आपण जुन्या काळची वस्तू म्हणून पाहू लागलो आहोत. वीज गेली की पंखा थांबतो, धूर करणारी अगरबत्ती विझते, मच्छरदाणी मात्र काम करतच राहते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोपणाऱ्या तान्ह्या बाळालाही ती हवी. शिवाय तिचा आणखी एक उपयोग खेड्यापाड्यांतल्या वाचकांनी जरूर ध्यानात घ्यावा. मण्यार हा अतिविषारी साप रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही, कित्येकदा जागही येत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, आणि तोवर बहुमोल वेळ गेलेला असतो. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचल्या की मण्यारीला आत वाट राहत नाही.

रात्री परसात, गोठ्यात किंवा रानात पाणी धरायला जाताना हातात बॅटरी आणि पायात बूट हवेत. सापांचे दंश बहुतांशी पायाला होतात. विंचवाचेही तेच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून कोकणातले अनेक प्राण वाचवले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण उपचार कितीही चांगला असला तरी दंश न झालेला बरा. मोबाइलमध्ये दिवा आहे हे खरे. परंतु तो मोबाइल रात्री चार्जिंगला लावलेला असतो किंवा मुलाच्या हातात असतो. म्हणून घरातल्या बॅटरीची जागा ठरलेली असावी, अंधारातही हात नेमका तिथे जावा.

घरात सत्तरीच्या पुढची माणसे असतील तर न्हाणीघराकडे पाहा. ओली फरशी, साबणाचा बुळबुळीतपणा, उंच उंबरा आणि अंधार. म्हातारपणी हाडे ठिसूळ झालेली असतात. पाय घसरून खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, अंथरूण, पाठीला जखमा, छातीत कफ अशी मालिकाच सुरू होते, आणि पूर्वीसारखे चालणे अनेकांच्या नशिबी पुन्हा येत नाही. हे टाळायला काय लागते? बसून अंघोळ करायला प्लॅस्टिकचे एक भक्कम स्टूल, पायाखाली खडबडीत रबरी चटई आणि भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा. टॉवेल अडकवायच्या दांड्यावर भरवसा ठेवू नये, तो भार पडताच उपटून येतो. शौचालयात बसता-उठतानाही असाच दांडा हवा. खोलीपासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर अर्ध्या वॅटचा एक दिवा रात्रभर जळू द्यावा. रात्री दहा तास तो जळला तरी एक युनिट वीज संपायला दोनशे रात्री लागतात. एवढ्या बचतीसाठी म्हाताऱ्या माणसाने अंधारात चाचपडावे काय?

शेवटी स्वयंपाकघर. बहुतेक घरांत तिथला दिवा छताच्या मधोमध असतो. गृहिणी ओट्याकडे तोंड करून उभी राहिली की दिवा तिच्या पाठीमागे येतो आणि तिचीच सावली चिरायच्या भाजीवर पडते. चाळिशीनंतर जवळचे कमी दिसू लागते, तेव्हा तांदळातला खडा आणि विळीवरचे बोट दोन्हीचा अंदाज चुकतो. ओट्याच्या वर भिंतीवर नऊ वॅटचा एक एलईडी दिवा लावला की हा त्रास संपतो. बसून फरशी पुसताना ज्यांचे गुडघे कुरकुरतात, त्यांच्यासाठी उभ्याने वापरायचा लांब दांड्याचा पोछा घ्यावा. गुडघेदुखीवर तेले चोळायची आणि रोज तासभर उकिडवे बसायचे, यात तेलाचा काही इलाज चालत नाही. आणि गॅसची रबरी नळी तेवढी पाहून घ्या. तिच्यावर तारीख छापलेली असते. पाच वर्षांनी, आणि चिरा दिसल्या तर त्याआधीच, ती बदलली पाहिजे.

या सगळ्या वस्तूंची बेरीज करून पाहा. एकदम घेतल्या तरी ती एका साध्या मोबाइलपेक्षा कमीच भरेल. मग त्या का घेतल्या जात नाहीत? गरिबी हे त्याचे एकच कारण नाही. ज्या घरात पैशाची खरोखर ओढाताण आहे, तिथे शंभर रुपयेही मोठे असतात आणि त्यांना उपदेश करण्याचा कोणाला अधिकार नाही. परंतु घरी मोठा टीव्ही आहे, दारात मोटारसायकल आहे, लग्नकार्यात हात सैल सुटतो आणि आजीच्या न्हाणीघरात मात्र दांडा नाही, अशी घरे आपल्या गावात थोडी नाहीत. माझ्या मते याचे कारण असे, की ज्याच्या खिशात पैसे असतात त्याला तो त्रास होत नाही; आणि ज्याला त्रास होतो त्याच्या हाती खिसा नसतो.

ओट्यावरची सावली घरधन्याला दिसत नाही, कारण तो तिथे उभा राहत नाही. मोरीतला बुळबुळीतपणा तरण्या मुलाला जाणवत नाही. आजी मागत नाहीत, कारण ‘माझ्यासाठी कशाला खर्च’ हे वाक्य त्यांच्या अंगवळणी पडले आहे. घरातल्या बाईने मागितले, तर ‘इतकी वर्षे चाललेच ना?’ असे उत्तर येते. चालले हे खरे, पण कोणाच्या गुडघ्यांवर चालले, हेही विचारायला नको का? त्यातून ओगराळे किंवा रबरी चटई पाहुण्यांना दाखवून मिरवता येत नाही. मग एके दिवशी आजी घसरतात, रुग्णालयाचे बिल लाखाच्या घरात जाते आणि दुसऱ्याच दिवशी दांडा बसवायला प्लंबर येतो. ‘बैल गेला आणि झोपा केला’ ही म्हण अशाच शहाणपणासाठी आहे.

तेव्हा वाचकहो, एक सोपी गोष्ट करा. येत्या महिन्याची यादी करण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: ‘तुला रोज कशाचा त्रास होतो?’ आजोबांना विचारा, आईला विचारा, पत्नीला विचारा, घरी भांडी-फरशीला येणाऱ्या मावशींनाही विचारा. उत्तर लगेच येणार नाही, कारण असा प्रश्न त्यांना सहसा कोणी विचारलेला नसतो. दोन दिवस थांबा. मग जे सांगतील त्यातली एक वस्तू, फक्त एक, त्या महिन्याच्या यादीत लिहा. वर्षाला बारा वस्तू होतील.

आपल्या सणांतही याला जागा आहे. धनत्रयोदशीला आपण धन्वंतरीची पूजा करतो आणि नवे भांडे आणतो. त्या दिवशी तोटीचे पिंप आणायला काय हरकत आहे? संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्या वाटल्या जातात आणि त्या माळ्यावर जाऊन पडतात. त्याऐवजी ओगराळे, नेलकटर किंवा ओआरएसची दोन पाकिटे वाणात द्यावीत. आणि देताना आळीतल्या विधवा भगिनींना वगळू नये; डास आणि जुलाब कोणाचे कुंकू पाहून येत नाहीत. एखाद्या महिला मंडळाने किंवा बचत गटाने मनावर घेतले, तर घाऊक दरात या वस्तू आणखी स्वस्त पडतील.

टॉनिकची बाटली महिन्याभरात संपते. भिंतीतला दांडा वीस वर्षे टिकतो, आणि घरातले जे आज तरुण आहेत त्यांनाही तो पुढे लागणारच आहे.