परीक्षेची लागणही आडसालीच हवी



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. आजचा विषय जरा निराळा आहे, पण आपल्या बांधाबाहेरचा नाही.

गेल्या हंगामात गट ऑफिसवर एक सभासद आले. उसाची नोंद दाखवून झाली तरी उठेनात. शेवटी म्हणाले, "साहेब, पोराला एमबीएच्या परीक्षेला बसायचंय. पुण्यातला क्लास लावायचा म्हणतोय. सोसायटीचं थोडं कर्ज काढू का?" आम्ही विचारले, परीक्षा कधी आहे? म्हणाले, तीन महिन्यांवर. अभ्यास कुठवर आलाय? म्हणाले, "क्लास लागला की सुरू करणार."

आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले की कर्ज काढू नका. त्यांना ते आवडले नाही. पोराच्या शिक्षणाच्या आड येतो असे त्यांना वाटले असावे. म्हणून आमचे म्हणणे सर्व सभासदांपुढे सविस्तर मांडत आहोत.

प्रथम आमची पात्रता सांगून टाकतो. आम्ही कृषी पदविका घेतलेले. या परीक्षांना पदवी लागते, नुसती पदविका चालत नाही. त्यामुळे आम्ही स्वतः ही परीक्षा दिलेली नाही, देऊही शकत नाही. पण घरात पुतणीने ती दिली आणि दीड वर्ष आम्ही ते जवळून पाहिले.

परीक्षा मुख्यतः दोन. पहिली कॅट. देशातील आयआयएम संस्था ती घेतात. १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद येथे या संस्था सुरू झाल्या. आज महाराष्ट्रातही नागपूर आणि मुंबई अशा दोन आहेत. कॅट दरवर्षी साधारण नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी होते व तिचे अर्ज ऑगस्टपासून निघतात. पदवीला ५० टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग उमेदवारांना ४५ टक्के. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही बसता येते. वेळ दोन तास. इंग्रजी वाचन, तक्ते व तर्क, आणि गणित असे तीन भाग, प्रत्येकाला ४० मिनिटे. २०२४ च्या परीक्षेत मिळून ६८ प्रश्न होते.

दुसरी आपल्या राज्याची सीईटी. २०२५ साली ती एप्रिलच्या आरंभी झाली. १५० मिनिटांत २०० प्रश्न, त्यांतले १०० तर्काचे, ५० गणिताचे, ५० इंग्रजीचे. मुंबईची जमनालाल बजाज संस्था, पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग अशा ठिकाणी जायला ही परीक्षा उपयोगी पडते. दोन्ही परीक्षा संगणकावर होतात.

आता मुख्य मुद्दा. आडसाली ऊस आपण जुलै-ऑगस्टमध्ये लावतो आणि सोळा-अठरा महिन्यांनी तोडतो. कॅटचे गणित नेमके तसेच आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षी नोव्हेंबरात परीक्षा असेल, तर आदल्या वर्षीच्या जुलैत अभ्यासाची लागण करावी. सोळा महिने मिळतात. तो महिना हुकला तर जानेवारीत सुरू लागण होते तशी सुरुवात करावी, अकरा महिने हाती राहतात. पण ऑगस्टमध्ये कांडी लावून नोव्हेंबरात मोळी बांधायची म्हटले, तर क्लासवाला तरी काय करील? युरिया कितीही टाकला तरी तीन महिन्यांत ऊस गाळपाला येत नाही.

सुरुवात कशाने करावी? गणितापासून, कारण त्याची भीती उगीच घातली जाते. परीक्षेत बराचसा भाग शाळेतलाच असतो. टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, व्याज, काळ-काम-वेग. आपली पोरं हे रोज जगतात. १२ कोयत्यांची टोळी एक प्लॉट ५ दिवसांत तोडते, दोन कोयते गावी गेले तर किती दिवस लागतील? आपल्या घरातले कोणीही तोंडी सांगेल, सहा. परीक्षेत हेच पेंटर आणि भिंत म्हणून विचारतात.

पण घाई नडते. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा, अशी ठरली. समजा उतारा १०.२५ वरून ११.२५ झाला. वाढ किती टक्के? दहापैकी आठजण म्हणतील, एक टक्का. बरोबर उत्तर सुमारे पावणेदहा टक्के, कारण एक हा सव्वादहाचा भाग धरायचा. दर काढून पाहा. ३५५ चे ३८९ रुपये ६० पैसे होतात, म्हणजे टनाला तोडणी-वाहतूक वजा जाण्यापूर्वी ३४६ रुपये जादा. एवढी वाढ एका टक्क्याने कशी होईल? पेपर काढणारा नेमका असा सापळा लावतो. ज्या पोराने बापाचे ऊसबिल स्वतः तपासले आहे ते त्यात सापडत नाही.

तक्त्यांच्या प्रश्नांसाठी एक पुस्तक प्रत्येक सभासदाच्या घरी फुकट येते. ते म्हणजे कारखान्याचा वार्षिक अहवाल. वार्षिक सभा झाली की आपण तो माळ्यावर टाकतो. तो पोरापुढे ठेवा. व्याजाचा खर्च एकूण खर्चाच्या किती टक्के? साखरेचे उत्पन्न किती वाढले, इथेनॉल आणि विजेचे किती? असे दहा प्रश्न त्याने काढावेत आणि चाळीस मिनिटांत सोडवावेत. परीक्षेची तयारी होईल आणि आपला कारखाना कुठे उभा आहे हेही कळेल. मग त्याने सभेत उठून एखादा प्रश्न विचारला तर आम्हांला आनंदच होईल.

खरी अडचण इंग्रजीची आहे, ती झाकून उपयोग नाही. पुतणी मराठी शाळेतली. पाटसहून रेल्वेने पुण्याला कॉलेजला जायची. पहिल्या सराव चाचणीत गणित बरे आले, पण इंग्रजीच्या चार उताऱ्यांपैकी दोनच वाचून झाले. त्या रात्री रडली आणि म्हणाली, "काका, शब्द येत नाहीत असं नाही. वाचायला वेळच पुरत नाही." यावर शब्दकोश पाठ करणे हा उपाय नव्हे. आम्ही तिला इंग्रजी वर्तमानपत्रातल्या साखर, पाऊस, कांदा यांवरच्या बातम्या काढून देत असू. विषय ओळखीचा असला की भाषेची भीती कमी होते. जाताना गाडीत एक लेख वाचायचा, येताना त्याचा सारांश चार ओळी मराठीत लिहायचा. सहा महिन्यांनी ती अग्रलेखांवर आली आणि वर्षभराने चारही उतारे वेळेत वाचू लागली. आयआयएम मिळाली नाही. सीईटीवर पुण्यात चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळाला. आम्ही तेवढ्यावर समाधानी आहोत.

शेवटचे सहा महिने सराव चाचण्यांचे. चाचणीपेक्षा नंतरची तपासणी महत्त्वाची. कुठले चुकले, का चुकले, हे वहीत लिहावे. कॅटमध्ये बरोबर उत्तराला तीन गुण. पर्यायी प्रश्नात चुकले तर एक वजा. चार पर्यायांत आंधळेपणाने ठोकून दिले तर सरासरी हाती काहीच लागत नाही. निदान एक पर्याय नक्की बाद करता आला तर धाडस करावे. सीईटीत २०२५ पर्यंत चुकीला गुण कापलेले नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नये. आणि निकालातले पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले सुमारे नव्वदजण तुमच्या मागे. शेजाऱ्याच्या पोराचा आकडा ऐकून घरात भांडण लावण्याआधी एवढे समजून घ्यावे.

क्लासला आमचा विरोध नाही. पण आधी पोराने तीन महिने घरी रोज दोन तास बसून दाखवावे. बसले, तर मग क्लासचा विचार करा आणि तोही जमेल तेवढ्या पैशांत. नाही बसले, तर कर्ज काढून बसणार नाही. पहिल्या वर्षी कमी पडले तर खोडवा ठेवता येतो, कॅटला वयाची वा प्रयत्नांची मर्यादा नाही. मात्र खोडव्यालाही मशागत लागते, जुनीच वही उलटून भागत नाही. आणि मुलीच्या बाबतीत "पदवी झाली, आता स्थळ बघू" ही घाई करू नका. मुलाला सोळा महिने देता, तेवढे तिलाही द्या.

हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. प्रवरेचा कारखाना उभा राहिला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांसारखा शेतकरी पुढे होता आणि पहिले अध्यक्ष अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगील होते. शेताची जाण आणि हिशेबाची जाण, दोन्ही लागतात हे त्या पिढीला कळले होते. आज तर कारखाना म्हणजे साखर, वीज, इथेनॉल, कर्ज आणि व्याज यांचा मोठा खटाटोप झाला आहे. तो चालवणारी माणसे बाहेरून आणावी लागतात, तेव्हा त्यांना उतारा कळतो, पण आवर्तन चुकलेल्या उसाचे दुःख कळत नाही. पुण्यात विद्यापीठ रस्त्यावर वैकुंठ मेहता संस्था आहे. तिथे शेतीव्यवसायाच्या व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम चालतो. अहमदाबादच्या आयआयएममध्येही असा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. कृषी पदवी घेतलेल्या आपल्या मुलामुलींनी या वाटा जरूर पाहाव्यात. सगळेच परत येतील असे नाही. पण दहातला एक जरी सहकारात आला, तरी बापाच्या शेअरचे मोल वाढेल.

ते सभासद परवा पुन्हा भेटले. पोराने ती परीक्षा सोडली आणि या जुलैपासून नव्याने वही घातली आहे. कर्ज काढलेले नाही. आम्ही त्यांच्याकडे मागच्या वर्षीचा अहवाल पाठवून दिला आहे. तुमच्या माळ्यावरचा तुम्हीही खाली काढा, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी