टाळ्या आणि ताळेबंद

गेल्या पंधरवड्यात एका आंतरशालेय वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय आमच्या शाळेपासून चालत आलेला: ‘विकास हवा की पर्यावरण?’ बाजू चिठ्ठ्या टाकून ठरलेली. तिसऱ्या मिनिटाला एक घंटा, चौथ्याला दोन. निम्म्या मुलांनी ‘नाण्याला दोन बाजू असतात’ म्हणत सुरुवात केली आणि पुढची चार मिनिटं एकच बाजू दाखवली.

नववीतल्या एका मुलीला ‘विकासाच्या विरोधात’ अशी चिठ्ठी आली होती. दोन मुद्दे झाले आणि ती अडखळली. मग पाठांतर सोडून म्हणाली, “आमच्या घरी ऊस आहे. माझी फी त्यातूनच भरतात. आणि आमच्याच बोअरला फेब्रुवारीनंतर पाणी नसतं. मग मी नक्की कुणाच्या विरोधात बोलू?” घंटा वाजली. ती खाली बसली.

माझ्या हातातल्या गुणपत्रकात रकाने होते: सभाधीटपणा, आवाजातील चढउतार, प्रतिपक्षाचे खंडन. खंडनाला मी तिला दहापैकी दोन दिले. नियमाप्रमाणे बरोबरच होतं ते. फिरता चषक टाळ्या मिळवणाऱ्या एका मुलाला गेला.

घरी येताना मला हिवरे बाजार आठवलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावात पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतरच्या काळात गावाने पाणी अडवलं, जिरवलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याहून मोलाचा वाटतो तो ग्रामसभेतला पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला, विहिरींत किती आहे, हे सगळ्यांसमोर मांडायचं. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं. उरेल त्यावर पिकं ठरवायची. ऊस, केळी नाही. शेतीसाठी बोअर नाही. तिथेही माणसं तावातावाने बोलत असणार, कारण प्रश्न प्रत्येकाच्या रानाचा असतो. पण बोलण्याच्या मधोमध एक आकडा असतो. तो कुणाच्या आवाजाच्या चढउताराने बदलत नाही.

हे गणित नववीच्या वर्गाला सहज जमेल. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. उसाला लावणीपासून तोडणीपर्यंत दोन हजार मिलिमीटर धरा. जिथे पाऊस चारशे, तिथे एक हेक्टर ऊस पाच हेक्टरांवरचा अख्खा पाऊस पितो. आता त्या मुलीला पुन्हा बोलायला सांगा. ती कुणाच्या विरोधात बोलणार नाही. बाकीचं पाणी कुणाच्या वाट्याचं होतं, हे विचारेल.

दुसरं गाव गडचिरोली जिल्ह्यातलं, धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे हे गाव ग्रामसभेसाठी ओळखलं जातं. 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून गावात अभ्यास गट चालत आले. तिथे एखाद्या विषयाचा कीस पाडायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, शंका काढायच्या. निर्णय मात्र तिथे घ्यायचा नाही. तो ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. एकाचीही हरकत असली तर विषय पुढे ढकलायचा. मधमाश्या न मारता मध कसा काढायचा, हाही अशा गटातल्या चर्चेचा विषय होता.

ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. निर्णयाची घाई नसली की माणूस मोकळेपणाने चुकतो, ‘मला हे कळलं नाही’ म्हणू शकतो. आणि सर्वसहमती हवी असली की समोरच्याचं खंडन करून भागत नाही. उद्या त्याचाच हात लागणार असतो. आमच्या स्पर्धेत अभ्यासही नव्हता आणि निर्णयही नव्हता. होता फक्त निकाल.

वक्तृत्वाशी माझं वैर नाही. चार लोकांत उभं राहून बोलायला मीही अशाच स्पर्धांत शिकलो. पण ‘शाश्वत विकास’ हा धडा शिकवायचा असेल तर मुलांना स्वतःच्या शाळेची टाकी द्यावी. रोज किती पाणी चढतं, किती गळतं, मैदानाला किती, स्वच्छतागृहांना किती, हे मुलांनीच मोजावं. एक तास नुसती चर्चा, आठवड्याने निर्णयाची सभा. जे ठरेल ते फळ्यावर लिहायचं आणि वर्षभर पाळायचं. मुख्याध्यापकांनीसुद्धा.

आयोजकांना मी हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “कल्पना चांगली आहे सर, पण मग पहिला नंबर कुणाला द्यायचा?”

मला उत्तर सुचलं नाही. दहापैकी दोन गुण मिळालेली ती मुलगी तेवढी डोळ्यांसमोर आली.