कथानक पेणमध्ये, कादंबरी कुठे?

मराठी रहस्यकथेत प्रेतांचा तुटवडा कधीच नव्हता. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, गुरुनाथ नाईकांनीही तोच पल्ला गाठला, सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास वाचनालयांत पानं सुटेपर्यंत वाचला गेला. तुटवडा आहे तो पत्रकारांचा, त्यातही नटनट्यांच्या आणि बड्या घरांच्या बातम्या करणाऱ्यांचा. मराठी कादंबरीतला पत्रकार म्हटलं की अरुण साधूंचा दिगू टिपणीस आठवतो, पण तो राजकारण्यांमागे फिरणारा. पेज थ्रीच्या पार्टीत कान टवकारून उभा असलेला वार्ताहर आपल्याकडे रहस्यकादंबरीचा नायक झालेला सहजी आठवत नाही.

नवल एवढ्यासाठी, की हा धंदा नावारूपाला आणणाऱ्यांत मराठी माणसं पुढे होती. ‘फिल्मइंडिया’ गाजवणारे बाबूराव पटेल, ‘स्टार अँड स्टाइल’मधून नटांची झोप उडवणाऱ्या देवयानी चौबळ, 1971 मध्ये निघालेल्या ‘स्टारडस्ट’च्या पहिल्या संपादक शोभा डे, माहेरच्या राजाध्यक्ष. तिघांनी नाव कमावलं ते इंग्रजीत. मधुर भांडारकरने 2005 मध्ये ‘पेज 3’ केला, तोही हिंदीत.

आणि कथानक? ते पेण तालुक्यात पडलेलं आहे.

मे 2012, आंब्याचे दिवस. पेण-खोपोली रस्त्यालगतच्या गागोदे खुर्दच्या रानात गावकऱ्यांना जळालेलं, कुजलेलं प्रेत आढळलं. पोलिस आले, पंचनामा झाला, अवशेष मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेले. त्यापुढे काहीच नाही. ना अकस्मात मृत्यूची नोंद, ना गुन्हा. तीन वर्षं त्या हाडांना नाव नव्हतं. ऑगस्ट 2015 मध्ये मुंबईत एका ड्रायव्हरला पिस्तूल बाळगल्याबद्दल पकडलं आणि त्याच्या जबाबातून नाव निघालं: शीना बोरा. 25 ऑगस्टला शीनाच्या खुनाच्या आरोपावरून इंद्राणी मुखर्जी अटकेत गेल्या, नोव्हेंबरमध्ये सीबीआयने पीटर मुखर्जींनाही अटक केली. ‘स्टार इंडिया’चे माजी प्रमुख आणि ‘आयएनएक्स मीडिया’च्या संस्थापक, असं हे जोडपं. मग काय! मुंबईहून जिते, हमरापूर मागे टाकत ओबी व्हॅन पेणच्या दिशेने धावू लागल्या. त्या वर्षी गणपती 17 सप्टेंबरला बसणार होते, हमरापूर-जोहे पट्ट्यातल्या कारखान्यांत रंगकाम आणि डोळ्यांची आखणी जोरात होती, आणि विनोबांच्या जन्मामुळे ठाऊक असलेलं गागोदे हे नाव देशभरच्या पडद्यांवर ‘क्राइम सीन’ म्हणून झळकत होतं.

हाडं तीच, रान तेच. 2012 मध्ये ती बातमी नव्हती, 2015 मध्ये तिच्यापुढे दुसरी बातमी उरली नाही. मधल्या काळात बदललं ते एकच: हाडांना वलयांकित आडनाव चिकटलं. कादंबरीकाराने हात घालावा तो इथे. खून कोणी केला हे न्यायालय ठरवेल. प्रेत बातमी केव्हा होतं आणि ते कोण ठरवतं, हे मात्र कोणत्याही आरोपपत्रात येत नाही.

या प्रकरणात सेलिब्रिटी पत्रकारितेची जी फजिती झाली तीही फारशी कोणी बोलून दाखवली नाही. या जोडप्याचे फोटो वर्षानुवर्षं छापले गेले. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने 2008 मध्ये इंद्राणींना लक्षवेधी 50 महिलांच्या यादीत बसवलं. कोणाचं कोणाशी काय चाललंय हे तोंडपाठ असल्याचा ज्यांचा तोरा, त्यांच्यापैकी कोणालाही छापता आलं नाही की इंद्राणींची बहीण म्हणून ओळख करून दिली जाणारी शीना खरी त्यांच्या पोटची लेक आहे. अटकेनंतर मात्र त्याच मंडळींनी कुटुंबाचे नातेतक्ते काढून, बाण दाखवत, लोकांना समजावून सांगितलं. रहस्यकथेत याहून चांगला विनोद सापडणार नाही.

पत्रकारितेतल्या आतल्या लढाईवर हिंदीत काम झालं आहे. पत्रकार जे. डे यांची जून 2011 मध्ये पवईत हत्या झाली, त्या प्रकरणात अटक झालेल्या जिग्ना व्होरा 2018 मध्ये निर्दोष सुटल्या, आणि त्यांच्या तुरुंगातल्या अनुभवांच्या पुस्तकावर हंसल मेहतांनी 2023 मध्ये ‘स्कूप’ मालिका केली. मालिका उत्तम. पण तिची नजर मुंबईच्या न्यूजरूममधून खाली पाहणारी.

मराठी कादंबरीला उलटी नजर जमेल. नायक हवा तो तालुक्याचा वार्ताहर, ज्याचं मानधन सांगायला संकोच वाटावा. ज्याला ठाण्यातला हवालदार नावाने ओळखतो, ज्याने 2012 मध्ये चार ओळी पाठवल्या असतील तर जिल्हा पानावर जागा नव्हती, आणि ज्याला 2015 मध्ये दिल्लीचा अँकर ‘रस्ता दाखवायला’ गाडीत बसवतो. असा माणूस काल्पनिकच असू द्यावा. खटला चालू आहे, आरोपींना आपली बाजू मांडायचा हक्क आहे, तेव्हा नावं आणि नाती बदलणं भागच आहे. पेण मात्र बदलू नये. मुंबईपासून रातोरात गाडीने जाऊन येण्याइतकं जवळ आणि मुंबईच्या बातम्यांपासून तीन वर्षं लांब, हे अंतरच तर या कथेचा कणा आहे.

एक खोड मात्र टाळायला हवी, मेलेल्या मुलीलाच बाजूला सारण्याची. इंद्राणींचं आत्मकथन 2023 मध्ये आलं, पीटर यांचं 2020 मध्ये, माजी पोलिस आयुक्त राकेश मारियांचंही त्याच वर्षी. फेब्रुवारी 2024 मध्ये नेटफ्लिक्सवर माहितीपट आला, तो थांबवायला सीबीआय उच्च न्यायालयात गेली, न्यायमूर्तींनी तो पाहिला आणि आक्षेपार्ह काही नाही म्हणत सोडला. त्याच्या शीर्षकात नाव इंद्राणींचं. चोविशी-पंचविशीतली, मुंबईत नोकरी करणारी शीना या साऱ्यात इतरांच्या वाक्यांतून तेवढी दिसते. त्याच वर्षी जूनमध्ये सरकार पक्षाने विशेष न्यायालयाला सांगितलं की पेणमधून जप्त केलेली हाडं सापडत नाहीत. पुढच्या महिन्यात ती सीबीआयच्या दिल्लीतल्या कार्यालयात निघाली. हे वळण कादंबरीकाराने कल्पनेतून घातलं असतं, तर संपादकाने नक्की कापलं असतं.