बाबांचं राष्ट्रगीत, मुलाचं वन-वे तिकीट

वडील म्हणजे सोव्हिएत राजवटीतलं बडं प्रस्थ. एकेकाळचे शिक्षणमंत्री, लेखक संघाचे अध्यक्ष. सोव्हिएत लिथुआनियाचं राष्ट्रगीतही त्यांच्याच लेखणीतलं. अशा अंतानास व्हेन्त्स्लोव्हांच्या मुलाची लाइफ एकदम सेट, नाही का?

मुलाने, म्हणजे तोमासने, भलताच रस्ता धरला. जन्म १९३७चा. १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरीतला उठाव चिरडला आणि या कॉलेजकुमाराचा राजवटीवरचा विश्वासच उडाला. तो कविता लिहायचा, आख्मातोवा-पास्तरनाक लिथुआनियन भाषेत आणायचा. १९७२ मध्ये पहिला संग्रह आला. पुढचं छापणं मात्र अवघड होत गेलं.

१९७५ मध्ये पठ्ठ्याने थेट पक्षाच्या सेंट्रल कमिटीला पत्र धाडलं. तुमची विचारसरणी मला परकी आहे, मला देशाबाहेर जाऊ द्या! वडील १९७१ मध्येच गेले होते. त्यांच्याविषयीही त्याने लिहिलं, की ते पक्के कम्युनिस्ट होते, माणूस म्हणून मला त्यांचा आदर आहे आणि तत्त्वाशी प्रामाणिक राहणं मी त्यांच्याकडूनही शिकलो. बघा, बंड केलं; पण बापाला नावं न ठेवता.

डिसेंबर १९७६ मध्ये मानवी हक्कांसाठीचा लिथुआनियन हेलसिंकी ग्रुप जाहीर झाला. त्याच्या पाच संस्थापकांत तोमास होता. पुढच्याच महिन्यात तो देशाबाहेर पडला. पोलिश कवी चेस्वाव मिवोशमुळे अमेरिकेत, बर्कलेला शिकवायचं निमंत्रण आलं होतं. १९७७ मध्येच मॉस्कोने त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. म्हणजे तुम्ही ऑनसाइट गेलात आणि मागे कुणीतरी घराचं कुलूपच बदललं!

पुढे येल विद्यापीठात प्रोफेसर, तेही २०१२ पर्यंत. दोस्त कोण? मिवोश आणि जोसेफ ब्रॉडस्की. दोघंही देश सोडलेले, दोघंही नोबेलवाले. तोमास मात्र कविता लिथुआनियनमध्येच लिहीत राहिला. जेमतेम तीस लाखांची भाषा, आणि त्यातले बहुतेक वाचक पोलादी पडद्यापलीकडे! करिअरच्या हिशोबात हे बसतं का? त्याने तो हिशोब केलाच नाही.

१९९० मध्ये लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. २०१८ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, तोमास व्हिल्नियसला राहायला परतला. वडिलांचं राष्ट्रगीत १९८८ मध्येच मोडीत निघालं होतं. त्यांनी शिकवलेला प्रामाणिकपणा मात्र मुलाने जन्मभर वापरला.

तेव्हा पुढच्या वेळी बाबांशी वाजलं, तर दार आपटण्याआधी तोमासचं ते पत्र आठवा.