स्लॅग फुकट मिळतोय, पण त्यात आहे काय? शेतरस्त्यावर टाकण्याआधी रिपोर्ट मागा

जालना : पावसाळा जवळ आला की पाणंद रस्त्यांचा प्रश्न पुन्हा डोकं वर काढतो. मुरूम महाग, त्यावर वाहतुकीचा खर्च वेगळा. अशा वेळी पोलाद कारखान्याचा स्लॅग फुकट किंवा स्वस्तात मिळाला, तर कुणालाही बराच वाटणार.

सुरतजवळ हजिऱ्याला २०२२ मध्ये स्लॅगचा सहापदरी रस्ता झाला, हे उदाहरण दिलं जातं. ते खरं आहे. पण तिथं केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली, प्रक्रिया करून तयार केलेली स्लॅगची खडी वापरली होती. भट्टीतून निघालेला माल थेट रस्त्यावर ओतला नव्हता.

मुळात सगळा स्लॅग सारखा नसतो. भिलाईसारख्या मोठ्या कारखान्यात लोखंड शुद्ध करताना चुना टाकतात. त्या स्लॅगमध्ये साधारण ४० ते ५० टक्के चुना असतो. त्यातला मोकळा चुना पाणी लागलं की फुगतो आणि रस्ता उखडतो. म्हणून तो आधी उघड्यावर मुरवावा लागतो. जालन्यात भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत वितळवतात. या भट्टीला आतून बहुधा सिलिकाचं अस्तर असतं. त्यामुळे स्लॅगमध्ये सिलिका जास्त, सोबत लोह आणि मँगनीजचे ऑक्साइड, चुना मात्र कमी.

'स्लॅग जमिनीला खत म्हणून चालतो' हेही अर्धवट खरं. युरोपात आम्लधर्मी जमिनीत स्फुरद असलेला स्लॅग वापरला गेला. मराठवाड्याची काळी जमीन आधीच चुनखडीयुक्त. तिथं आणखी चुना गेला तर पिकाला लोह, जस्त मिळणं अवघड होतं आणि पानं पिवळी पडतात.

खरी काळजी भंगाराची. त्यात रंगवलेला पत्रा किंवा स्टेनलेस स्टील आलं असेल, तर स्लॅगमध्ये शिसं, क्रोमियम येऊ शकतं. म्हणून रिपोर्टमध्ये दोन गोष्टी हव्यात. एक, कोणता घटक किती टक्के. दोन, त्यातलं पाण्यात किती उतरतं. विहिरीच्या दृष्टीने दुसरी चाचणी जास्त महत्त्वाची. भंगार बदललं की स्लॅगही बदलतो, त्यामुळे जुना रिपोर्ट नव्या ढिगाला चालत नाही.

ग्रामपंचायतीने पहिला हायवा खाली होण्याआधीच हा रिपोर्ट मागावा. रस्ता पुन्हा करता येतो, विहिरीचं बिघडलेलं पाणी लवकर सुधारत नाही.