रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे आजार खोटा?

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काहीही झालेलं नाही." तुमच्यापैकी अनेकांनी हे वाक्य ऐकलं असेल. त्याचा पहिला भाग खरा असू शकतो, पण त्यावरून दुसरा भाग सिद्ध होत नाही. माझा आक्षेप या दुसऱ्या भागाला आहे. तो समजण्यासाठी 'हवाना सिंड्रोम'चं उदाहरण पाहू.

२०१६ च्या अखेरीस क्यूबातील हवाना शहरात अमेरिकी दूतावासातील कर्मचारी आजारी पडू लागले. अचानक विचित्र आवाज, डोक्यात दाब, चक्कर, तोल जाणे, झोप न लागणे, लक्षात न राहणे अशा त्यांच्या तक्रारी होत्या. पुढे कॅनडाचे राजनैतिक अधिकारी, चीनमधील ग्वांगझू येथील अमेरिकी कर्मचारी यांनीही तशाच तक्रारी केल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये सीआयए प्रमुखांसोबत भारतात आलेल्या पथकातील एकालाही असा त्रास झाल्याची बातमी होती.

मग दोन गट पडले. एक म्हणाला, शत्रूचं गुप्त अस्त्र! दुसरा म्हणाला, मनाचे खेळ! दूतावासातील लोकांनी टिपलेल्या आवाजाचं २०१९ मध्ये विश्लेषण झालं, तर तो एका जातीच्या रातकिड्याच्या आवाजाशी जुळला. मार्च २०२३ मध्ये बहुतेक अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी परकीय शत्रूचा हात असण्याची शक्यता फारच कमी असल्याचं सांगितलं. २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ८० हून अधिक रुग्णांचे अभ्यास प्रसिद्ध केले. एमआरआयमध्ये मेंदूला इजा झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

म्हणजे सगळं नाटक होतं? मुळीच नाही. त्याच अभ्यासात थकवा, नैराश्य, तोल सांभाळण्यातील अडचणी स्पष्ट दिसल्या. २८ टक्के रुग्णांमध्ये मेंदूच्या कार्यातील बिघाड आढळला. त्यांतील बहुतेकांना दीर्घकाळ टिकणारी एक प्रकारची चक्कर होती.

हे कसं होतं? तोल सांभाळण्यासाठी मेंदू आतील कान, डोळे आणि पायांकडून येणारे संदेश जुळवतो. एखाद्या झटक्यानंतर, आजारानंतर किंवा मोठ्या भीतीनंतर ही यंत्रणा सतत सावध राहू लागते. मूळ कारण निघून जातं, चक्कर मात्र राहते. उभं राहिल्यावर, गर्दीत, बाजारात ती वाढते. साधा एमआरआय हा बंद पंख्याच्या फोटोसारखा आहे. पंखा फिरताना खडखडतो का, हे फोटोत दिसत नाही. आणि या त्रासावर उपचार आहेत: तोलाचे व्यायाम, समुपदेशन, काहींना औषधं.

आता आपल्या विदर्भात या. डिसेंबर २०२४ पासून बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव परिसरात लोकांचे केस मुठीने गळू लागले. काही दिवसांत टक्कल! शॅम्पू, पाणी, बुरशी असे अंदाज झाले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्त, लघवी आणि केसांत सेलेनियम वाढल्याचं सांगून रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. लोक काय खातात, हे विचारल्याशिवाय असा दुवा हाती लागत नाही.

टक्कल निदान डोळ्यांना दिसतं. चक्कर दिसत नाही. अमेरिकेने २०२१ मध्ये कायदा करून आपल्या आजारी कर्मचाऱ्यांना आर्थिक मदतीची सोय केली, कारणाचा वाद मिटण्याआधीच. आपल्याकडे कारकून, शिक्षिका किंवा कंडक्टर चक्कर येते म्हणून रजा मागतात, तेव्हा "कामचुकारपणा" हा शब्द ऐकावा लागतो. घरी सुनेला "नाटकं करते" म्हणतात. हा अन्याय आहे, आणि त्याला आम्हा डॉक्टरांचं ते अर्धवट वाक्य बळ देतं.

"कारण अजून सापडलं नाही" असं केसपेपरवर लिहिण्यात डॉक्टरला कमीपणा नाही. रुग्णाच्या त्रासावर विश्वास ठेवावा. त्याच्या कारणाबद्दलच्या प्रत्येक तर्कावर ठेवायलाच हवा असं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुम्ही काय कराल?

• त्रास कधी, किती वेळ, काय करताना होतो, हे वहीत लिहा. खाणं, पाणी, औषधं, कामाची जागा यांचीही नोंद ठेवा.
• घरात किंवा ऑफिसात आणखी कोणाला तसंच होतंय का, ते सांगा.
• रामदासपेठेत एका सेंटरवरून दुसऱ्या सेंटरवर तोच स्कॅन पुन्हा करत फिरू नका. एकाच डॉक्टरकडे सलग दाखवा.
• चक्करेसोबत बोबडी वळणे, एका बाजूला अशक्तपणा, एकाचे दोन दिसणे, अचानक ऐकू न येणे किंवा भयंकर डोकेदुखी असेल, तर वही बाजूला ठेवा आणि तडक हॉस्पिटल गाठा.

आणि पुढच्या वेळी कोणी "तुम्हाला काहीही झालेलं नाही" म्हणालं, तर शांतपणे विचारा: "रिपोर्ट चांगले आले, आनंद आहे. पण डॉक्टर, माझ्या त्रासाचं आता काय करायचं?"