चौकशी समितीत आपला माणूस

बारामतीच्या एमआयडीसीत किंवा वालचंदनगरच्या कारखान्यात युनियनचा पदाधिकारी ‘संरक्षित कामगार’ ठरू शकतो. वाद प्राधिकरणापुढे असताना लेखी परवानगीवाचून त्याला काढता येत नाही. अशांची संख्या एकूण कामगारांच्या एक टक्का, किमान 5 आणि कमाल 100. त्याच कामगारांची मुले शिकवणाऱ्या शिक्षक संघटनेच्या तालुकाध्यक्षाला मात्र हे कवच नाही. गोव्यातल्या करंजाळे येथील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये सांगून टाकले, की शाळा उद्योगात मोडली तरी शिक्षक ‘कामगार’ नाही. संघटनेत आहे म्हणून शिक्षा करणे ही अनुचित प्रथा ठरवणारा महाराष्ट्राचा 1971 चा कायदाही त्यामुळे आपल्या हातून निसटतो.

खासगी शाळांतील शिक्षकांपाशी उरतो तो 1977 चा सेवाशर्ती कायदा आणि 1981 ची नियमावली. (जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना 1964 चे शिस्त व अपील नियम लागू आहेत, त्यांची वाट वेगळी.) बडतर्फी, पदावनती किंवा बढतीत ज्येष्ठता डावलणे यांविरुद्ध कलम 9 खाली 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. पण पगाराच्या थकीत हप्त्यांचे निवेदन देणाऱ्याला कोणी लगेच बडतर्फ करत नाही. आधी कारणे दाखवा नोटीस येते, मग वेळापत्रकात सगळे शेवटचे तास येतात, मग संस्थेच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत बदली. यातले काहीच कलम 9 मध्ये बसत नाही. निलंबनही नाही. शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वमान्यता न घेता निलंबन झाले, तर निर्वाह भत्त्याचा भार संस्थेवर येतो. तो मिळवायलाही पुन्हा संस्थेचेच उंबरठे झिजवायचे!

पदाच्या आड तास बुडवणारे पुढारी आपल्यात आहेत, हे झाकून काय उपयोग? त्यांची चौकशी जरूर व्हावी. आमचा आग्रह एवढाच, की निवेदनाची तारीख आणि नोटिशीची तारीख शेजारीशेजारी ठेवून पाहावी. दहा वर्षे ज्याच्या सेवापुस्तकात एक शेरा नाही, त्याचे दोष शिष्टमंडळ नेल्यानंतरच्या आठवड्यात दिसू लागले, तर ते दोष कशाचे हे कळायला वकील लागत नाही.

खरी लढाई चौकशी समितीत होते आणि तिथेच आपण सर्वांत ढिले आहोत. नियम 36 प्रमाणे शिक्षकाच्या चौकशी समितीवर एक प्रतिनिधी संस्थेचा, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला आणि एक त्या शिक्षकाने निवडलेला असतो. हा तिसरा राज्यातल्या कुठल्याही खासगी शाळेचा कर्मचारी चालतो. ठरल्या मुदतीत त्याचे नाव कळवले नाही, तर हक्क सोडला असे धरून उरलेले दोघे कामाला लागतात. आणि नाव मिळत नाही! मोर्चात पुढे चालणारे समितीवर बसा म्हटले की घरच्या अडचणी सांगतात. त्यांनाही फार बोल लावता येत नाही. आपल्या भागात कारखाना, पतसंस्था, दूध संघ आणि शाळा यांच्या कारभारात तीच ती माणसे भेटतात. उसाची तोड, घराचे कर्ज आणि मुलाची नोकरी एकाच दारातून जाते.

म्हणूनच बारामती आणि इंदापूर तालुक्यांनी प्रतिनिधींची अदलाबदल करावी. सुपे, मोरगाव, माळेगावच्या शिक्षकासाठी भिगवणचा किंवा निमगाव केतकीचा सहकारी बसावा आणि इंदापूरच्या शिक्षकासाठी बारामतीचा. संस्था वेगळी असावी, हे मात्र पाहावे. या माणसाने मूळ कागद मागावेत, साक्षीदारांना प्रश्न विचारावेत, मत जुळत नसेल तर वेगळे लिहावे, कोऱ्या इतिवृत्तावर सही करू नये. पुढे न्यायाधिकरणात हेच कागद बोलतात. बडतर्फी चुकीची ठरली तर मागील पगारासह पुन्हा सेवेत घेणे हा सर्वसाधारण नियम, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये औरंगाबादच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात म्हटले आहे. पण तोवरची वर्षे घर कसे चालवायचे?

दोन्ही तालुका शाखांनी या महिन्याच्या सभेत इच्छुकांची यादी करावी. समितीवर बसणाऱ्याचा प्रवासखर्च आणि निलंबित सहकाऱ्याच्या घरचा किराणा वर्गणीतून द्यावा, आणि तसा ठराव इतिवृत्तात घ्यावा. संमेलनाच्या मांडवाचा खर्च यंदा थोडा कमी झाला तरी चालेल.